प्रकाशवेगापलीकडचा परतीचा प्रवास

ताऱ्यांमधल्या अंतरांवर मात करण्यासाठी विज्ञानकथाकारांनी आजवर कल्पिलेली साधने तशी मोजकीच आहेत. कोणी यानापुढचा अवकाश आकसतो आणि मागचा पसरतो असे मानून त्याला वॉर्प ड्राइव्ह म्हटले. कोणी आपल्या अवकाशाला लागून असलेल्या हायपरस्पेसमध्ये शिरून दूरच्या ठिकाणी बाहेर पडण्याची सोय केली, कोणी दोन दूरचे बिंदू जोडणारे वर्महोल वापरले, तर कोणी यंत्रणेचे काहीच स्पष्टीकरण न देता नुसत्या 'उडी'वर भागवले. या साधनांची चर्चा निघाली की हे कधीतरी शक्य होईल का, हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. मला त्याआधी विचारावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: कथेला हा वेग हवा तरी कशासाठी असतो? दूर जाण्यासाठी, असे उत्तर सहज सुचते, पण ते बरोबर नाही. दूर जाण्यासाठी प्रकाशाचा वेग ओलांडावा लागत नाही. तो ओलांडावा लागतो तो परत येण्यासाठी, आणि परतल्यावर ज्यांना सोडून गेलो होतो तीच माणसे, तोच समाज आणि तेच राज्य जागेवर सापडावे यासाठी. हे ध्यानात घेतले तर या काल्पनिक तंत्रज्ञानाकडून काय मागायचे आणि कोणत्या बाबतीत त्याला सूट द्यायची, हे ठरवता येते.

आधी जाण्याचा विचार करू. पृथ्वीवर जाणवते तेवढेच वजन प्रवाशांना यानात जाणवत राहील, अशा बेताने एखादे यान अर्ध्या वाटेपर्यंत सतत वेग वाढवत गेले आणि उरलेल्या वाटेत त्याच दराने वेग कमी करत राहिले, तर सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या आकाशगंगेच्या केंद्रापाशी ते प्रवाशांच्या घड्याळाप्रमाणे सुमारे २० वर्षांत पोहोचेल. यासाठी लागणारी ऊर्जा आपल्या कल्पनेपलीकडची आहे, वाटेतली धूळसुद्धा त्या वेगाला प्राणघातक ठरेल, आणि असे यान बांधण्याचा मार्ग आज कोणालाही ठाऊक नाही. तरीही आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलेल्या विशेष सापेक्षता सिद्धान्ताचा या प्रवासाला विरोध नाही. उलट कालविस्फारणाची, म्हणजे वेगवान यानातला काळ संथ चालण्याची, ही देणगी त्याच सिद्धान्ताने दिलेली आहे. प्रवासी एका आयुष्यात आकाशगंगा पालथी घालू शकतो. मात्र तो मागे वळला आणि तशाच वेगाने घरी आला, तर त्याचे वय सुमारे ४० वर्षांनी वाढलेले असेल आणि पृथ्वीवर ५२ हजार वर्षे उलटलेली असतील. त्याची भाषा समजणारे कोणी उरलेले नसेल. प्रकाशवेगाची मर्यादा आपल्याला जाण्यापासून अडवत नाही. आपण आणि आपली माणसे यांच्यात जो सामाईक वर्तमानकाळ असतो, तो ती तोडून टाकते.

भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची कथा येते. मुलीसाठी, रेवतीसाठी, योग्य वर कोण हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गायन चालू असते म्हणून क्षणभर थांबतो, आणि मग ब्रह्मदेवाकडून त्याला कळते की तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगे लोटली आहेत. मनात योजलेले वर तर राहोतच, त्यांच्या नातवंडांची नावेही आता ऐकू येत नाहीत. या कथेत सापेक्षता सिद्धान्त शोधण्याचा आग्रह मला मुळीच मान्य नाही, कारण त्यात ना कथेचा मान राहतो ना विज्ञानाचा. तिचे मोल वेगळ्याच गोष्टीत आहे. अतिदूरच्या प्रवासात माणूस काय गमावतो, हे तिने अचूक ओळखले आहे. राजा सुखरूप जातो आणि सुखरूप परततो, पण ज्या जगासाठी तो प्रश्न घेऊन गेला होता ते जगच नाहीसे झालेले असते.

विसाव्या शतकातल्या लोकप्रिय विज्ञानकथेला हे नुकसान परवडणारे नव्हते. तिला ताऱ्याताऱ्यांवर पसरलेली साम्राज्ये हवी होती, आणि साम्राज्याला कर गोळा करावा लागतो, बंड मोडायला सैन्य पाठवावे लागते, सैन्य पोहोचेपर्यंत बंडखोरांच्या हजार पिढ्या होऊन चालत नाही. १९२८ साली 'अमेझिंग स्टोरीज' मासिकात क्रमशः आलेल्या ई. ई. स्मिथ यांच्या 'द स्कायलार्क ऑफ स्पेस'मध्ये यान प्रकाशाहून वेगाने जाते, तेव्हा आइन्स्टाइनचे म्हणणे हा नुसता सिद्धान्त आहे आणि आपण कापलेले अंतर हे वास्तव आहे, एवढ्या युक्तिवादावर नायकाचे समाधान होते. पुढच्या लेखकांनी इतके उघड हात झटकले नाहीत. त्यांनी नियम मोडण्याऐवजी त्याला वळसा घालण्याचे मार्ग शोधले, आणि आयझॅक आसिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' मालिकेपर्यंत हायपरस्पेसमधली उडी इतकी रुळली की तिचे स्पष्टीकरण मागणेही वाचकांना अनावश्यक वाटू लागले. आकाशगंगाभर पसरलेल्या साम्राज्याचा ऱ्हास हा त्या मालिकेचा विषय आहे, आणि उडीवाचून ते साम्राज्य उभेच राहिले नसते. म्हणजे हे यंत्र विज्ञानासाठी आलेले नसून इतिहास लिहिता यावा म्हणून आलेले होते. ही गरज मला खरी आणि आदरणीय वाटते. आक्षेप आहे तो एवढाच की, तिची किंमत किती, हे बहुतेकांनी वाचकाला कधी सांगितले नाही.

ही किंमत समजण्यासाठी एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो सुशिक्षित वाचकांतही फार पसरलेला आहे. ध्वनीचा वेगही एके काळी अशक्यच मानला जात होता, १९४७ साली अमेरिकन वैमानिक चक येगर यांनी विमानातून तो ओलांडला, तसाच उद्या प्रकाशाचाही ओलांडला जाईल, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. ही तुलना चुकीची आहे. ध्वनीहून वेगाने काही जाऊ शकत नाही असे भौतिकशास्त्राने कधीच म्हटले नव्हते. बंदुकीच्या गोळ्या तो वेग त्याआधीच ओलांडत होत्या, अडचण फक्त विमान तेवढे मजबूत बांधण्याची आणि ताब्यात ठेवण्याची होती. प्रकाशवेगाचे तसे नाही. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात प्रोटॉनला त्याच्या स्थिर वस्तुमानाशी समतुल्य ऊर्जेच्या जवळपास सात हजार पट ऊर्जा देण्यात आली, तरी तो प्रकाशाच्या मागे सेकंदाला सुमारे ३ मीटर राहिलाच. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे, हे लक्षात घेतले तर हे ३ मीटर किती कमी आहेत ते कळते. आणखी कितीही ऊर्जा ओतली तरी ते शून्य होणार नाहीत. तंत्रज्ञान अपुरे पडल्यामुळे उभी राहिलेली ही भिंत नाही. अवकाश आणि काळ एकमेकांत जसे गुंफलेले आहेत, त्या गुंफणीचाच हा भाग आहे.

शास्त्रज्ञ हट्टाने जुन्या मताला चिकटून बसतात, हा आरोपही या संदर्भात टिकत नाही. २०११ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासोकडे सुमारे ७३० किलोमीटर प्रवास करणारे न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद लवकर पोहोचल्याचे ऑपेरा या शास्त्रज्ञांच्या गटाला दिसले, तेव्हा त्यांनी ते दडपले नाही. निष्कर्ष जगापुढे ठेवून चूक शोधण्याचे आवाहन केले. पुढे नीट न बसलेली एक प्रकाशतंतूची जोडणी सापडली आणि न्यूट्रिनो मर्यादेत परतले. मर्यादा तपासून पाहिली जाते, आणि प्रत्येक वेळी ती टिकते.

आता खरा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि कथांमध्ये सर्वांत कमी आढळतो. प्रकाशाहून वेगवान अशी कोणतीही सोय, मग ती यान असो की नुसता संदेश, काळात मागे जाण्याची सोय होऊन बसते. हे उदाहरणाने दाखवता येते. समजा, एक यान पृथ्वीपासून प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने दूर चालले आहे, आणि पृथ्वी व यान या दोघांकडेही तत्क्षणी संदेश पोहोचवणारे यंत्र आहे. यान निघाल्यावर १० वर्षांनी पृथ्वीने संदेश पाठवला. त्या वेळी यान ८ प्रकाशवर्षांवर असेल आणि यानातले घड्याळ ६ वर्षे दाखवत असेल, कारण या वेगाला यानातला काळ पृथ्वीच्या मानाने सहा-दशांश गतीने चालतो. यानाने लगेच उत्तर दिले. परंतु यानाच्या दृष्टीने ते स्वतः स्थिर आहे आणि पृथ्वीच मागे पळते आहे. म्हणून त्याच्या हिशेबाने पृथ्वीवरचा काळ संथ चाललेला आहे आणि 'या क्षणी' तिथे ६ वर्षांचे सहा-दशांश, म्हणजे ३.६ वर्षेच झालेली आहेत. तत्क्षणी पाठवलेले उत्तर पृथ्वीला त्या वेळी मिळेल. प्रश्न दहाव्या वर्षी विचारला जाणार आणि उत्तर त्याच्या ६.४ वर्षे आधी हातात पडणार. उत्तर वाचून पृथ्वीने प्रश्न विचारायचाच नाही असे ठरवले, तर मग ते उत्तर आले कोठून?

या पेचातून सुटण्याचे मार्ग फार नाहीत. सापेक्षता, कार्यकारणभाव आणि प्रकाशाहून अधिक वेग या तिन्हींपैकी एकीवर लेखकाला पाणी सोडावे लागते. कार्यकारणभाव सोडला तर कथा कालप्रवासाची होते, आणि ती तशी प्रामाणिकपणे लिहिताही येते. सापेक्षतेला मुरड घालायची तर विश्वात एक विशेष संदर्भचौकट (काळ आणि अंतर मोजण्याचा आधार) आहे, सर्व उड्या तिच्याच घड्याळाने मोजल्या जातात आणि वर पाहिलेले यानाचे 'या क्षणी' त्या उडीला लागूच होत नाही, असे मानता येते. संपूर्ण आकाशगंगेत एकच अधिकृत दिनांक चालणाऱ्या बहुतेक कथांनी नकळत हेच मानलेले असते. त्याला माझी हरकत नाही. पण हे मानणे म्हणजे स्थिर वेगाने चाललेल्या सर्व निरीक्षकांना निसर्गाचे नियम सारखेच असतात, या मूलभूत समानतेला नकार देणे आहे, आणि त्या नकाराचे परिणाम त्या जगात कुठेतरी दिसायला हवेत. व्हर्नर विंज यांनी १९९२ च्या 'अ फायर अपॉन द डीप'मध्ये आकाशगंगेचे निरनिराळे पट्टे कल्पिले आणि प्रकाशाहून जास्त वेग फक्त बाहेरच्या पट्ट्यांत शक्य ठेवला. हे विज्ञान नाही, परंतु नियम बदलला तर भूगोल, व्यापार, बुद्धीची मर्यादा असे सगळेच बदलते, हे त्यांनी शेवटपर्यंत निभावले आहे.

वॉर्प ड्राइव्ह आणि वर्महोल यांच्या बाजूने एक गोष्ट जरूर सांगितली पाहिजे. या दोन्ही कल्पनांनी भौतिकशास्त्राला प्रत्यक्ष काम पुरवले. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आपली 'कॉन्टॅक्ट' ही कादंबरी लिहीत असताना त्यांनी नायिकेच्या प्रवासाबद्दल भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना विचारले, आणि कृष्णविवरातून जाण्याऐवजी वर्महोल वापरण्याचा सल्ला थॉर्न यांनी दिला. त्या विचारातून थॉर्न आणि मायकेल मॉरिस यांचा माणसाला ओलांडता येईल अशा वर्महोलवरचा शोधनिबंध १९८८ साली आला. मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ साली सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांत बसणारी वॉर्प ड्राइव्हची रचना मांडली आणि तिला विज्ञानकथेतलेच नाव दिले. त्यांच्या रचनेत यान आपल्या भोवतीच्या अवकाशाच्या बुडबुड्यात निश्चल असते, बुडबुडाच पुढे सरकतो, त्यामुळे कोणत्याही ठिकाणी स्थानिक प्रकाशवेग ओलांडला जात नाही.

पण याच निबंधांचा आधार घेऊन 'वॉर्प ड्राइव्ह आता आवाक्यात' अशा आशयाचे मथळे अधूनमधून झळकतात, ते वाचकाची फसवणूक करतात. अशा वर्महोलला उघडे राहण्यासाठी आणि अल्कुबिएरे यांच्या बुडबुड्याला टिकण्यासाठी ऋण ऊर्जा, म्हणजे रिकाम्या अवकाशाहूनही कमी ऊर्जा, लागते. सूक्ष्म पातळीवर कॅसिमिर परिणामात (निर्वातात अगदी जवळ ठेवलेले दोन धातूचे पत्रे एकमेकांकडे ओढले जातात त्यात) तिच्याशी साधर्म्य असलेले काही आढळते, परंतु यानाला पुरेल एवढी ऋण ऊर्जा साठवण्याचा कोणताही मार्ग माहीत नाही. मायकेल फेनिंग आणि लॅरी फोर्ड यांनी १९९७ साली हिशेब मांडला, तेव्हा मूळ रचनेला लागणारी ऋण ऊर्जा संपूर्ण दृश्य विश्वाच्या वस्तुमानालाही मागे टाकणारी निघाली. नंतरच्या रचनांनी हा आकडा पुष्कळ खाली आणला असला, तरी तो ऋणच राहिला. शिवाय बुडबुड्याच्या आत बसलेल्यांचा संकेत त्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोहोचूच शकत नाही, म्हणजे चालकाच्या हाती सुकाणू नाही. आणि ॲलन एव्हरेट यांनी १९९६ साली दाखवल्याप्रमाणे असे दोन बुडबुडे योग्य रीतीने वापरले तर प्रवासी आपल्याच भूतकाळात पोहोचतो. वळसा घातला तरी जुना पेच वाटेत उभाच असतो. भूतकाळात नेणाऱ्या अशा वाटा निसर्ग स्वतःच बंद करत असावा, असा तर्क स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ साली मांडला. तो सिद्ध झालेला नाही आणि खोडलाही गेलेला नाही.

मग विज्ञानकथेने प्रकाशवेग ओलांडणे सोडूनच द्यावे का? ही मागणी झालेली आहे. जेफ रायमन आणि त्यांच्यासोबतच्या काही तरुण लेखकांनी २००४ साली एक जाहीरनामा काढून अशा प्रवासाचा त्याग करण्याचे आवाहन केले. ताऱ्यांवर सहज जाता येते असे भासवले की या एकाच पृथ्वीकडे दुर्लक्ष होते, हे त्यांच्या म्हणण्याचे सूत्र होते. त्यांची काळजी मला पटते. व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. त्या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याचे ४.२४ प्रकाशवर्षांचे अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. एखाद्या ताऱ्याभोवती राहण्याजोगा ग्रह सापडल्याची बातमी आली की तिथे जाऊन राहण्याच्या गोष्टी सुरू होतात आणि हे ७५ हजार वर्षांचे वास्तव कोणाच्या मनाला शिवत नाही, याला असंख्य पडद्यांवर दिसलेली, दोन प्रसंगांमध्ये संपणारी आंतरतारकीय सफर बऱ्याच अंशी जबाबदार आहे, असे मी मानतो.

पण त्यावर बंदी हा उपाय मला मान्य नाही, कारण या साधनांचा उत्तम वापर करणाऱ्यांनी हेच अंतर वाचकाला जास्त तीव्रतेने जाणवून दिले आहे. जो हॉल्डमन व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक. त्यांच्या १९७४ च्या 'द फॉरेव्हर वॉर'मध्ये कोसळलेल्या ताऱ्यांमधून क्षणात उडी घेता येते, परंतु त्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास प्रकाशवेगाच्या जवळपासच्या वेगानेच करावा लागतो. त्यामुळे सैनिकासाठी काही महिने जातात आणि घरी दशके, शतके. तो परततो तेव्हा समाज, भाषा, नातेसंबंध यांपैकी काहीच त्याच्या ओळखीचे राहिलेले नसते. उर्सुला ले ग्विन यांनी प्रवास आणि संवाद यांची फारकत केली: त्यांच्या जगात माणसांची याने प्रकाशवेगाच्या आतच राहतात, पण १९६६ च्या 'रोकॅनन्स वर्ल्ड'पासून येणारे 'ॲन्सिबल' हे यंत्र संदेश तत्क्षणी पोहोचवते. कार्यकारणाचा पेच त्यानेही सुटत नाही, मात्र माणसाच्या दृष्टीने त्या फारकतीतून विलक्षण काही साधते. दूत दुसऱ्या ग्रहावर जातो तो आपल्या पिढीचा निरोप घेऊनच; त्याचे बोलणे घरापर्यंत पोहोचेल, तो स्वतः वेळेत पोहोचणार नाही. लॅरी निव्हन आणि जेरी पुर्नेल यांनी 'द मोट इन गॉड्स आय'मध्ये उडी ठरावीक बिंदूंपासूनच घेता येईल असा नियम घातला, आणि त्याबरोबर सीमा, नाकेबंदी व टेहळणी यांना अर्थ आला.

याउलट, स्वतःच घातलेला नियम सैल सोडला की काय होते, हेही दिसते. १९९५ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' या मालिकेत यान घरापासून ७० हजार प्रकाशवर्षांवर फेकले जाते आणि परतायला ७५ वर्षे लागतील असे सांगितले जाते. त्या एका आकड्याने वॉर्प ड्राइव्हच्या जगाला त्याचे हरवलेले अंतर परत दिले. घरी पोहोचेपर्यंत आपले आयुष्य संपेल या जाणिवेने जगणारी माणसे, हा केवढा मोठा विषय! पुढे एकामागून एक जवळच्या वाटा सापडत गेल्या आणि ७ वर्षांत यान घरी पोहोचले. परतीचे दुःख आणि परतीची सोय, दोन्ही एकाच वेळी हवी असल्यामुळे हे झाले.

मला लेखकांकडून हवे आहे ते समीकरण नव्हे. यंत्राच्या नावापुढे चार जड पारिभाषिक शब्द जोडून विज्ञानाचा आभास निर्माण करणे तर मुळीच नको. यंत्र काय करू शकत नाही, ते वापरताना कोणाचे काय जाते, आणि ते सर्वांना मिळते की काहींनाच, हे लेखकाने ठरवावे आणि कथेच्या सोयीसाठी मधेच बदलू नये. समीक्षकांनीही यानाचा आकार आणि इंजिनाची नावे यांपेक्षा हे आधी तपासावे. आज विज्ञानकथेवर लिहिताना अशी तपासणी क्वचितच होते, आणि 'कल्पनाशक्तीची भरारी' या शब्दांत सगळे माफ केले जाते.

मर्यादा पाळणाऱ्या जगातही विषयांचा तुटवडा नाही. पॉल क्रुगमन या अर्थतज्ज्ञांनी १९७८ साली, पुढे नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी, आंतरतारकीय व्यापारावर एक निबंध लिहिला. प्रकाशवेगाच्या जवळपासच्या वेगाने जाणाऱ्या मालावर व्याज यानाच्या घड्याळाने आकारायचे की ग्रहाच्या, हा त्यातला एक प्रश्न, आणि त्यांचे उत्तर ग्रहाच्या घड्याळाने असे होते. निबंधाचा सूर खेळकर असला तरी गणित बरोबर आहे. त्याच वाटेने पुढे गेले तर कितीतरी प्रश्न समोर येतात. शंभर वर्षांनी, पण स्वतः फक्त दहा वर्षांनी मोठा होऊन परतणाऱ्या माणसाचा वारसाहक्क कोणत्या पिढीबरोबर धरायचा? शिक्षा भोगायला ताऱ्यांकडे पाठवलेला गुन्हेगार परतेल तेव्हा ज्या कायद्याखाली ती झाली तो रद्द झालेला असेल, तर त्याला कोणता कायदा लागू होईल? आणि चारशे वर्षांपूर्वी निघालेल्या वसाहतकऱ्यांशी केलेला करार, तो करणारे राज्य बुडाल्यावर, त्यांनी पाळायचा कोणासाठी?